पायाखालचा खर्ज

मल्हारीमामा स्टेजच्या पुढच्या कडेला आले, चपला काढून बाजूला सारल्या आणि फळ्यांवर अनवाणी उभे राहिले. मी विंगेत लॅपटॉप आणि छोटा की-बोर्ड घेऊन बसलो होतो. त्यांनी डोळ्यांनी खूण केली तशी मी डावीकडची शेवटची पट्टी दाबली. अख्खं नाट्यगृह भरून जाईल असा गंभीर, भारदस्त आवाज घुमला. शिडीवर चढलेला लाइटवाला खाली बघून म्हणाला, "आयला, काय बेस आहे." तिसऱ्या रांगेत बसलेल्या वृंदाताई समाधानानं हसल्या.

मामांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नाही.

मी आवाज वाढवून परत पट्टी दाबली. मामा दोन पावलं सरकून दुसऱ्या फळीवर उभे राहिले, आंघोळीचं पाणी कितपत तापलंय याचा अंदाज घ्यावा तसे. परत मान हलली. नाही.

स्पर्धेच्या अंतिम फेरीतला आमचा प्रयोग त्याच संध्याकाळी होता, आणि नाटकातल्या बापाचं काम करणाऱ्या मल्हारीमामांना ऐकू येत नव्हतं. ही गोष्ट त्या नाट्यगृहात फक्त आम्हा दोघांना माहीत होती.

आम्ही इचलकरंजीचे. दिवसा पोटापाण्याचं बघायचं आणि संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये तालमी करायच्या, असली आमची हौशी मंडळी. वृंदाताई केळकर कॉलेजात मराठी शिकवायच्या आणि नाटकं बसवायच्या. माझं, म्हणजे भूपाल चौगुलेचं, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि नाटकांना पार्श्वसंगीत देण्याचा नाद होता. मल्हारीमामा हावळांनी उभी हयात यंत्रमागावर काढली होती. त्या खडखडाटात त्यांचे कान हळूहळू गेले. आमच्या गावात कान गेलेली माणसं काही कमी नाहीत, आणि बाकीचेही सवयीनं ओरडूनच बोलतात, त्यामुळे मामांचं बिंग कधी फुटलं नाही.

मला कळलं ते असंच, योगायोगानं. एकदा तालमीआधी मी त्यांच्या पाठीमागून चहाचं विचारलं. परत विचारलं. ढिम्म. म्हातारा चिडलाय की काय म्हणून मी नाद सोडला आणि बेसच्या डब्याची, म्हणजे खालचे स्वर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरची, चाचणी घ्यायला एक खर्ज वाजवला. मामा झटकन वळले. मी नुसता बघत राहिलो, आणि आपण सापडलो हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं.

तालीम संपल्यावर ते मला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेले. "ताईला सांगू नगंस," म्हणाले.

मी खिशातल्या बिलाच्या पाठीवर लिहिलं, कानाचं मशीन?

"लावून बघितलं. खडखडाट मोठा हुतोय, शबूद कळत न्हाई."

मग नाटक कशाला करता, असं मी लिहिलं. प्रश्न जरा उर्मटच होता, पण माझं तोंड असंच आहे आणि माझं अक्षरही त्यावरच गेलंय.

मामांनी कागद वाचून परत माझ्या हातात दिला. "आरं, भाईर कोण काय बोलतंय ते मला कळत न्हाई. घरात सून बोलती, नातू बोलतोय, मी आपला नुस्ता मान हलिवतो. पर स्टेजवर समोरचा काय म्हणणार ते मला ठावं असतंय. त्येचं वाक्य मला पाठ, माझं मला पाठ. त्यो बोलतोय, मी बोलतोय. एवढंच बोलणं ऱ्हायलंय बघ माझ्याजवळ."

मी पेन खिशात ठेवलं.

समोरासमोरच्या प्रवेशात त्यांचं निभायचं. तसं ओठ वाचणं त्यांना येत नव्हतं, पण वाक्य पाठ असलं की ओठांवरून ते कुठवर आलंय हे कळायचं. अडचण होती ती शेवटच्या मोठ्या प्रवेशाची. मुलगा माग विकायला निघालाय आणि बाप त्याच्याकडे पाठ करून, प्रेक्षकांकडे तोंड करून स्टुलावर बसलाय, अशी वृंदाताईंनी रचना केली होती. मुलगा पाठीमागून बोलणार आणि बाप न वळता उत्तरं देणार. रचना सुंदर होती, मामांच्या गळ्याला फास होती. डोळ्यांवर लाइट आल्यामुळे समोरून कुणी खूण केली तरी दिसायची नाही. मनात मोजून बोलावं तर मुलाचं काम करणारा अभिनंदन उपाध्ये एका दिवशी घाईत असायचा आणि दुसऱ्या दिवशी टाळ्यांची वाट बघत थांबायचा.

तेव्हा मी ती युक्ती काढली. माझ्या जुन्या लॅपटॉपवर सगळं मुक्त सॉफ्टवेअर होतं. सुरुवात गरिबीनं झाली होती, हट्ट नंतर आला. लोक त्याला फुकटचं म्हणायचे आणि मी भांडायचो. फुकट आहे म्हणून नव्हे, त्याचं पोट उघडून बघता येतं, आत काय शिजतंय ते कळतं, नको ते काढून टाकता येतं, म्हणून मला ते आवडायचं. त्यात मी एक साधा स्वर तयार केला. त्याला ना नखरा ना घुमारा, आणि इतका खालचा की कानाला जेमतेम जाणवावा. पण माझा चुलतभाऊ सन्मती गणपतीत लावायचा त्या बेसच्या डब्यातून तो सोडला की स्टेजच्या फळ्या थरथरायच्या. अभिनंदनचं वाक्य संपलं की मी पट्टी दाबायची. मामांच्या तळव्यांना तो खर्ज कळायचा आणि ते बोलायचे. वृंदाताईंना वाटायचं, हे वातावरणनिर्मितीसाठी आहे. प्राथमिक फेरीत आमचा पहिला नंबर आला.

पण परीक्षकांनी एक शेरा मारला होता: ध्वनियंत्रणेत अर्थिंगची घरघर ऐकू येत होती. ती फेरी शाळेच्याच हॉलमध्ये झाली होती आणि घरघर खरंच अर्थिंगची होती, तिथल्या वायरिंगची. वृंदाताईंना तो शेरा इतका झोंबला की अंतिम फेरीसाठी त्या पुण्याच्या एका ध्वनिसंयोजकाकडे गेल्या आणि त्याच्याकडून एक नवाकोरा लॅपटॉप घेऊन आल्या. त्यात 'बेसोनिया' नावाचा महागडा प्लगिन, म्हणजे आवाज बदलणारं जोड-सॉफ्टवेअर, होता. कितीही लहान स्पीकर असू देत, त्यातून थिएटरसारखा बेस काढून दाखवणार, अशी त्याची ख्याती. मग सन्मतीचा डबा टेम्पोतून कशाला न्यायचा? डबा इचलकरंजीत राहिला, आम्ही सांगलीला आलो, आणि मामांच्या पायांना काही कळेना.

मी प्लगिनमधून बाहेर पडणारा आवाज माझ्या लॅपटॉपमध्ये घेतला आणि त्याचा आलेख काढून बघितला. वरचे स्वर गर्दी करून उभे होते. सगळ्यात खाली, जिथं खर्ज असायला हवा, तिथं सपाट माळरान. त्या प्लगिननं खालचा स्वर काढूनच टाकला होता आणि त्याच्या वरचे स्वर असे रचले होते की मूळ स्वर आपोआप ऐकू आल्याचा भास कानाला व्हावा. कानाला फसवायची ती युक्ती होती, आणि कान सगळ्यांचे फसत होते. मामांना फसायला कान नव्हते.

मी लॅपटॉप उचलून वृंदाताईंकडे गेलो. त्या खुर्चीत बसून डबा उघडून पोहे खात होत्या.

"ताई, हा बेस खोटा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ऐकू येतोय, पण तिथं नाहीये. हे बघा, इथं खाली काही नाही. चुलीवर काही नाही आणि फोडणीचा वास सुटलाय, तसं आहे हे."

वृंदाताईंनी आलेख नीट बघितला. त्या कुणाचं म्हणणं उडवून लावणाऱ्या बाई नव्हत्या. मग म्हणाल्या, "प्रेक्षकांना वासच घ्यायचाय, भूपाल. जेवायला कोण बसलंय?"

"मला माझा लॅपटॉप वापरू द्या. शेवटच्या प्रवेशापुरता. सन्मतीचा डबा मागवतो."

"आणि परत घरघर? परत तो शेरा?" त्यांनी चमचा खाली ठेवला. "तुझं ते फुकटचं सॉफ्टवेअर आपण इतके दिवस चालवून घेतलं ना? आज पहिल्यांदा आपलं नाटक एखाद्या मोठ्या संस्थेच्या नाटकासारखं वाजतंय. लाइटवाल्यालाही कळलं. तुलाच का कळत नाही?"

"फुकटचं नाही, ताई. मुक्त."

"बरं, मुक्त. पण तुला तो खरा बेस हवाय कशाला? एक कारण सांग. पटलं तर आत्ता फोन करू."

कारण माझ्या जिभेच्या टोकावर होतं. प्रेक्षागृहाच्या दारात मामा उभे होते आणि आमच्या दोघांच्या ओठांकडे आळीपाळीनं बघत होते. त्यातलं एकही वाक्य त्यांना पाठ नव्हतं, तरी विषय काय आहे हे त्यांना कळलं असावं. त्यांनी दोन्ही हात जोडले. माझा बाप शोभेल असा माणूस मला हात जोडत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो.

"बरा वाटतो," मी म्हणालो. "म्हणून."

"बरा वाटतो हे कारण नाही," वृंदाताई म्हणाल्या आणि त्यांनी पोह्यांचा डबा बंद केला.

मागच्या अंगणात मी मामांसमोर कागद धरला. मी लिहिलं होतं, ताईंना सांगतो. रचना बदलतील. तुम्हाला अभिनंदनकडे तोंड करून बसवतील.

मामांनी वाचून मान हलवली. "न्हाई बदलणार. त्या रचनेवर तर नाटक हितवर आलंय. त्या कुणाला तरी पुस्तक हातात दिऊन हुबा करतील, त्यो वाचंल, आन परीक्षकास्नी सांगतील, आमचा नट आजारी पडला. मी असतो तर मीबी तेच केलं असतं." मग माझा दंड धरून म्हणाले, "तू डबा आण. मी ताईच्या पाया पडून न्हाई सांगणार, पर तुझ्या पडतो."

मी सन्मतीला फोन केला. त्याची जयसिंगपूरला हळदीची ऑर्डर होती. आधी त्यानं मला मनसोक्त शिव्या घातल्या, मग हळदीतला एक डबा आणि अँप्लिफायर मालवाहू रिक्षात टाकून पाठवून दिला. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकानं दारातच अडवलं. बाहेरचा साऊंड चालत नाही, असा नियम होता. आम्ही डब्यावर नेपथ्यातली गोधडी टाकली आणि ती पेटी नाटकातली आहे असं सांगून आत नेली. स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात आमचा लाकडी माग उभा होता, त्याच्या मागे डबा बसवला. वायर फळीच्या कडेकडेनं माझ्यापर्यंत आणली. आता माझ्यासमोर दोन लॅपटॉप होते. पुण्याच्या लॅपटॉपवर सगळं नाटक वाजणार होतं आणि माझ्या जुनाट लॅपटॉपवर एकच स्वर.

वृंदाताई मेकअप बघायला आत गेल्या तशी मी पट्टी दाबली. मामा अनवाणी उभे होते. त्यांनी डोळे मिटले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. मला खाली बसून रडावंसं वाटलं, पण तिसरी घंटा व्हायच्या आत केबल चिकटपट्टीनं झाकायच्या होत्या.

नाटक सुरू झालं आणि पहिल्यापासून रंगलं. पुण्याच्या लॅपटॉपनं कमाल केली हे मला मान्य करायला हवं. मागांचा आवाज असा काही येत होता की प्रेक्षागृहाच्या भिंतींमागेच कारखाना आहे असं वाटावं. समोरासमोरचे प्रवेश मामांनी सहज काढले. मध्यंतरात कुणीतरी सांगत आलं की एक परीक्षक खुर्चीत पुढे सरकून बसलेत. आमच्या मंडळात कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या चालण्यात फरक पडला.

मग तो प्रवेश आला. मामा स्टुलावर बसले, तळवे फळ्यांवर सपाट टेकले आणि समोरच्या अंधारात बघू लागले. पाठीमागून अभिनंदन बोलला, "आबा, गिऱ्हाईक उद्या येतंय." मी पट्टी दाबली. मामांनी जेवढं थांबायचं तेवढंच थांबून उत्तर दिलं. परत अभिनंदन, परत खर्ज, परत मामा. बापाला मुलाचा शब्दन् शब्द लागतोय आणि तो चेहऱ्यावर काही दिसू देत नाही, असं ते काम होतं. खाली प्रेक्षागृहात कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

त्या शांततेत वृंदाताई प्रेक्षागृहातून उठून विंगेत आल्या. एवढा प्रवेश आपण जवळून बघावा असं त्यांना वाटलं असणार. त्या मागाच्या पलीकडच्या अंगाला उभ्या राहिल्या, आणि लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी कान टवकारले. प्रेक्षागृहात तो खर्ज नुसता जाणवत होता, पण डब्याजवळ तो स्पष्ट घुमत होता. ज्या बाईनं घरघरीच्या त्या शेऱ्यापायी आठवडेच्या आठवडे झोप घालवली होती, तिच्या कानांना ती घरघरच वाटली. त्या वाकल्या. गोधडी उचलली. मी हात हलवला, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी वायरचा माग काढत काढत भिंतीतल्या सॉकेटपर्यंत जाऊन पिन उपसली.

मग माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी मला शांत राहायची खूण केली. काळजी करू नकोस, मी बघितलं, नाटक वाचलं, असं त्यांना म्हणायचं होतं.

अभिनंदनचं वाक्य संपलं. मी पट्टी दाबली. डब्यावरचा लाल दिवा विझलेला होता. मी परत दाबली, दाबून धरली, जणू काही माझ्या बोटातूनच तो स्वर फळ्यांत उतरणार होता. मामा बसून होते. तळवे टेकलेले, डोळे समोर. ते वाट बघत होते, आणि अभिनंदन अजून बोलतोय असं समजत होते.

आधी ती शांतता शोभून दिसली. मग ती लांबली. मग अभिनंदननं तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत म्हटलं, आणि मामा तसेच.

मी उठून वृंदाताईंपाशी गेलो आणि त्यांच्या कानाशी बोललो. "ताई, मामांना ऐकू येत नाही. अजिबात येत नाही. त्या डब्याची थरथर पायांना लागली की ते बोलतात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या हातात अजून पिन होती. मी आजपर्यंत माणसाचा चेहरा इतक्या लवकर उतरलेला बघितलेला नाही. त्या खाली बसल्या आणि पिन परत सॉकेटमध्ये घालायला लागल्या, पण घाईत उलटी धरलेली पिन भोकात जाईना. मी ती हिसकावून घेतली आणि खुपसली.

अँप्लिफायर चालूच होता. पिन बसताच डब्यानं धाडकन एक दणका दिला. फळ्या हादरल्या. मामांना वाटलं, आला. त्यांनी आपलं वाक्य म्हटलं, तेही ऐन अभिनंदनच्या वाक्यात. कसंबसं सावरायला म्हणून अभिनंदन मनचं काहीतरी बोलत होता, आणि त्यावर बापाचं ते भलत्याच गोष्टीचं उत्तर ठणकन येऊन पडलं. पुढच्या रांगांमध्ये कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी. अभिनंदन गप्पच झाला.

हसू मामांना ऐकू आलं नाही. पण पुढची थरथर आली नाही, आणि काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळलं. मी त्यांच्याकडे एका बाजूनं बघत होतो. मग ते उठले. वाकून स्टूल उचललं, फिरवून ठेवलं आणि प्रेक्षकांकडे पाठ करून, मुलाकडे तोंड करून बसले.

वृंदाताईंनी माझा हात घट्ट धरला होता.

"बोल," मामा अभिनंदनला म्हणाले. हा शब्द नाटकात नव्हता.

अभिनंदन बोलायला लागला, आणि मामा त्याच्या ओठांवर नजर ठेवून उत्तरं देऊ लागले. विंगेत आमच्यापर्यंत सगळं येत होतं. जवळून बघितलं तर मामांनी तो प्रवेश आयुष्यात इतका चांगला कधी केला नव्हता. अभिनंदनच्या डोळ्यांतून खरंच पाणी येत होतं, आणि तो टाळ्यांसाठी एकदाही थांबला नाही. पण मामांचं तोंड मागच्या पडद्याकडे होतं, आणि आपला आवाज किती मोठा येतोय हे त्यांना कळायचं नाही. तो पाचव्या-सहाव्या रांगेच्या पलीकडे गेला नाही. मागून आवाज आला, "मोठ्यानं." परत आला, "ऐकू येत नाही, मोठ्यानं." परीक्षक मध्यावर बसले होते. त्यांना एका म्हाताऱ्याची पाठ दिसली आणि थोडं पुटपुटणं ऐकू आलं.

नाटक संपलं. टाळ्या शिष्टाचारापुरत्या पडल्या.

रंगपटात आल्या आल्या सगळ्यांचे चेहरे बघून मामांना कळलं की बिंग फुटलंय. ते आरशासमोर बसले. वृंदाताई त्यांच्यापाशी गेल्या, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या रडत होत्या. "मामा, मला आधी सांगायचं होतं हो," म्हणाल्या. मग एकेक शब्द सावकाश, मोठ्यानं, लहान मुलाशी बोलावं तसा उच्चारत म्हणाल्या, "तुम्ही काळजी करू नका. आम्ही तुम्हाला सोडणार नाही. पुढच्या नाटकात तुमच्यासाठी मुक्या माणसाचं काम लिहून घेते मी. मुद्दाम."

त्या अगदी मनापासून बोलत होत्या. बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी वा म्हटलं.

मामांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हनत्यात?"

मी भुवया रंगवायची पेन्सिल उचलली. समोर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं, त्याच्या कोऱ्या कडेवर लिहिलं, पुढच्या नाटकात तुम्हाला न बोलायचं काम देणार आहेत.

ते त्यांनी वाचलं. "बरं," म्हणाले, आणि खोबरेल तेलात कापूस बुडवून तोंडाचा रंग पुसायला लागले. गाल पुसून झाले, कपाळ पुसून झालं, तरी ते पुसतच होते.

आमचा नंबर आला नाही. परीक्षकांनी ध्वनियोजनेचं कौतुक केलं. वृंदाताईंनी पुढच्या वर्षी खरोखरच तसं काम लिहून घेतलं आणि बोलावणं घेऊन स्वतः मामांच्या घरी गेल्या. मामांनी हात जोडून त्यांना चहा पाजला. ते गुडघ्याचं निमित्त सांगून आले नाहीत, आणि नंतर कुठल्याच नाटकात आले नाहीत.

मी त्यांच्याकडे रविवारी जायला लागलो. काय बोलणार, म्हणून पहिल्या दिवशी मी पुढ्यात बसलो आणि अभिनंदनचं वाक्य म्हटलं, "आबा, गिऱ्हाईक उद्या येतंय." मामा चमकले. माझ्या ओठांकडे बघितलं आणि चोख उत्तर दिलं. सून स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघायला लागली. आम्ही तो प्रवेश सबंध केला, मग त्याच्या आधीचा केला. त्यानंतर दर रविवारी तेच. कधी मी मुलगा रागात म्हणायचो, कधी हळू म्हणायचो, आणि मामाही त्याप्रमाणे उत्तराचा नूर बदलायचे. ती वाक्यं मागांची आणि गिऱ्हाइकाची होती, पण त्यांतून आम्ही एकमेकांची खुशाली विचारायचो असं मला वाटतं. त्यांना काय वाटायचं ते मला कधी कळलं नाही.

असं काही वर्षं चाललं. मग माझं दुकान बसलं. सगळ्यांच्या हातात स्मार्टफोन आले, कॉम्प्युटर दुरुस्त करून घेणारं गिऱ्हाईक राहिलं नाही, आणि मला पुण्यात एका ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत नोकरी मिळाली. घर सोडण्याआधीच्या रविवारी मी मामांकडे गेलो. ते आता बरेच थकले होते, पण मी समोर बसताच सरसावून बसले आणि माझ्या ओठांवर नजर लावली.

मी म्हणालो, "मामा, मी पुण्याला चाललोय. कायमचा. आता रविवारी यायला जमणार नाही."

ते बघत राहिले. कपाळावर आठ्या पडल्या. त्यांचे ओठ हलले, नाटकातली वाक्यं ते मनात एकामागून एक लावून बघत होते. माझ्या खिशात पेन होतं. समोर कॅलेंडरचा फाडलेला कागद पडला होता. लिहून दाखवणं सोपं होतं, घरातली सगळी माणसं त्यांना तसंच सांगायची.

शेवटी त्यांनी मान हलवली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "हे वाक्य आपल्या नाटकात न्हाई, भूपाल," म्हणाले. "चुकलास. पयल्यापास्नं घे."

मी पहिल्यापासून घेतलं.